ट्रॉलीवरचा सत्कार

आमची सून रोहिणी गेली आठ वर्षं रोज शाळेत जाते. लग्न होऊन आली तेव्हा दहावीला दोन विषय राहिलेले होते, म्हणून आम्ही तिला परत शाळेत घातली असं कुणी समजू नका. हजेरीला नाव आहे ते तिच्या लेकीचं, श्रियाचं. पण सकाळी जातात दोघी आणि शाळा सुटल्यावर येतात दोघी. एक वर्गात बसते, दुसरी पटांगणातल्या कडुलिंबाखाली.

श्रिया जन्मली ती मणक्यावर गाठ घेऊन. बारामतीला ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण पायांत जोर आला नाही तो नाहीच आला. सगळा जोर तोंडात. तो मात्र आमच्याच घराण्यातला, मी काही दुसऱ्यावर ढकलत नाही.

माझा मुलगा जोतीराम दुधाचा टेम्पो चालवतो. अंधारात निघतो तो ऊन कलल्यावर येतो. म्हणून पोरीला शाळेत न्यायचं काम रोहिणीचं. स्कुटीवर मागं बसवायची, ओढणीनं आपल्या कमरेला बांधायची आणि निघायचं. शाळेच्या फाटकापासून पाठुंगळी घ्यायची, बाकावर नेऊन ठेवायची. मग घरी का येत नाही? तर मधल्या सुट्टीत पोरीला लघवीला न्यायला कोण? शाळेच्या संडासाला गुडघाभर उंच पायरी, आत धरायला काही नाही. एका बाईंनी एकदा नेलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, आई जवळ असलेली बरी. आई तेव्हापासून जवळच आहे.

नुसतं बसून करायचं काय, म्हणून रोहिणी झाडाखाली वाकळा शिवते. जुनी लुगडी, जुन्या साड्या आणून देतात लोक, ती चार थर लावून बारीक टाके घालते. शाळेतल्या बहुतेक मास्तरांच्या घरी आमच्या रोहिणीची वाकळ आहे. पळसदेवच्या धरणाच्या पाण्यावरून थंडीत जो वारा सुटतो, त्यात त्यांना ऊब चांगली लागत असणार.

स्वभाव म्हणाल तर रोहिणी मुकी नाही, पण मागणारी नाही. भाजीवाल्याकडं वरची मिरची मागायची नाही. एसटीत कुणी जागा दिली तर निम्म्याच जागेवर बसायची. माहेरही आमच्यासारखंच, मेंढरामागं फिरलेलं. माझं स्वतःचं अर्धं आयुष्य घोड्यावर बिऱ्हाड टाकून चालण्यात गेलं. शाळा म्हणजे ज्या गावाला तळ पडेल तितं चार दिवस भिंतीला टेकून बसायचं. तिसरीपर्यंत पोचले हेच फार. दुसऱ्याच्या रानात उतरायचं तर मान खाली घालून उतरायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. शेतकऱ्यानं मेंढरं बसवू दिली की दिवसभर त्याचं नाव घ्यायचं. आमच्या मेंढरांच्या लेंडीवर त्याचं पीक तरारायचं, हे आमच्या ध्यानातच यायचं नाही. पुढं मेंढरं विकली, रान घेतलं, ऊस लावला. पण मान काही वर आली नाही. शाळा म्हणजेसुद्धा आम्हाला दुसऱ्याचं रानच वाटायचं. पोरीला बसू दिलंय ना, मग गप बसायचं.

चौथीपर्यंतची शाळा वेगळी. इथं पाचवी ते सातवी बरं चाललं होतं, कारण वर्ग खाली होते. आठवीचा वर्ग माडीवर. जूनमध्ये शाळा भरली आणि रोहिणी जिना चढायला लागली. पोरगी तेरा वर्षांची, अंगानं भरलेली. दिवाळीच्या सुमाराला रोहिणीला सकाळी उठताना खाटेची कड धरावी लागायला लागली. जोतीराम तिला बारामतीला घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, मणक्याची गादी सरकलीय, वजन उचलायचं नाही.

"पाण्याची कळशीबी न्हाय?" तिनं विचारलं म्हणे.

"कळशी नाही, बादली नाही, काहीच नाही."

"आन् पोरगी?"

डॉक्टरांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं पंख्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी रोहिणी पोरीला घेऊन जिना चढली.

आमच्याकडच्या शाळांत विनयामॅडम म्हणून एक बाई येतात. वालचंदनगरच्या कंपनीच्या कॉलनीत राहतात, आणि दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांतून फिरतात. महिन्यातून एखादी चक्कर. दिवाळीनंतर एके दिवशी त्या झाडाखाली आल्या तेव्हा मीही तितं होते, रोहिणीला भाकरी घेऊन गेले होते.

"रोहिणी, अशी वाकडी का बसलीस?" मॅडमनी विचारलं.

"वाकळ वाकडी हाय, मॅडम, म्हणून."

मला हसू आलं, मॅडमना आलं नाही. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा गादीचं बाहेर आलं.

"अगं मग मुख्याध्यापकांना सांग की, आठवीचा वर्ग खाली घ्या म्हणून. मी सांगते हवं तर."

"नको, मॅडम! तुमी काय बोलू नका." रोहिणीनं सुई तशीच खाली टाकली. "घेतलंय तिला शाळंत, तेच लई उपकार हायत."

"कसले उपकार? कायदाच आहे तसा. तिला शाळेत घ्यावंच लागतं, आणि तिला जमेल अशी सोयसुद्धा शाळेनंच करायची असते. यात मागणं काही नाही. तिचा हक्क आहे तो."

"आन् ते म्हणले, इतकी अडचण हाय तर घरीच ठेवा, म्हंजे?"

"तसं म्हणता येत नाही त्यांना."

"म्हणता येत न्हाय, पर म्हणले म्हंजे?" हे मी विचारलं. मॅडमना उत्तर येत नव्हतं असं नाही. पण त्या महिन्यानं येणार, आणि आम्हाला रोज त्याच फाटकातून आत जायचं. त्यांना ते कळलं असावं. "निदान तुम्ही दोघी विचार करा," एवढं म्हणून त्या पाणी पिऊन गेल्या.

विचार आम्ही पुष्कळ केला. भाकरी थापताना केला, धारा काढताना केला. बोललो मात्र नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी सरपंच दादासो घरी आले. मोठी गाडी दारात बघून माझी धांदल उडाली.

"बानूकाकू, पेढं काढा," दादासो खुर्चीवर बसत म्हणाले. "सव्वीस जानेवारीला तुमच्या सुनंचा सत्कार हाय. आदर्श माता! बारामतीवरनं पाहुणं बोलावल्यात. रोज लेकीला पाठीवर घिऊन माडी चढती, सगळ्या तालुक्यात बोलबाला हाय."

मी म्हटलं, "माज्या सुनंचा?"

"मग काय माज्या?"

रोहिणी दारात उभी होती. तिचं तोंड असं झालं की कुणी तिला चोरी करताना धरलंय. दादासो गेल्यावर म्हणाली, "आत्या, मला न्हाय जायचं. काय केलंय मी? पोरगी माजी, मी उचलती. ह्याचा कसला हार घ्यायचा?"

"अगं, लोकं पाय धरत्यात असल्या मानासाठी. तुला घरी चालून आलाय."

ती रात्रभर काय विचार करत होती कुणास ठाऊक. सकाळी चुलीपुढं बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी जाती. सत्कार झाला की त्याच दिवशी सरांना वर्गाचं इचारती. हार घातल्या घातल्या कुणी न्हाय म्हणत न्हाय."

मला पटलं. बरोबर होतं तिचं. मानाच्या दिवशी माणूस पोरीला घरी बसवा म्हणणार नाही. मी तिला माझी मोतिया रंगाची साडी दिली आणि एक गोष्ट बजावून सांगितली. "वर गेलीस की सगळ्यांच्या पाया पड. वळीनं. एकालाबी सोडू नको. न्हायतर म्हणतील, हार मिळाला आन् डोळं वर गेलं."

सव्वीसला पटांगण भरलं. स्टेज म्हणजे उसाची ट्रॉली, मागची फळी पाडलेली, वर सतरंजी आणि खुर्च्या. चढायला एक बाक लावलेला. श्रियाला चार पोरांनी खुर्चीसकट उचलून वर ठेवली. रोहिणीला हात द्यायला कुणी पुढं आलं नाही, कारण तिला पाय आहेत. ती गुडघ्यावर हात रोवून चढली. मी पुढच्या रांगेत, शेजारी आमच्या आळीतली धोंडाबाई.

दादासोंनी माइक हातात घेतला. गावात साधे बोलतात, माइकवर वेगळे.

"बंधू आणि भगिनींनो! ही माता रोज आपल्या लेकीला पाठीवर घेते! जिना चढते! ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही! आणि आजपर्यंत तिनं एका शब्दानं तक्रार केलेली नाही! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. 

"बानू, सून गाजली की गं तुजी," धोंडाबाई म्हणाली.

"गाजंल न्हाय तर. निवडली कुणी?"

"तूच काय निवडलीस? तुजा नवरा आला हुता की बघायला. तू घरी मेंढरं राखत हुतीस."

आमचं असं चाललेलं असताना वर शाल घातली, नारळ दिला, झेंडूचा हार घातला. रोहिणीनं नारळ खुर्चीवर ठेवला आणि पाया पडायला लागली. मी सांगितलं होतं तसंच, वळीनं. आधी बारामतीचे पाहुणे. मग दादासो. तिसरे रमाकांत सर, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या पायाला हात लावला आणि ती तशीच राहिली.

सर म्हणाले, "राहू द्या, ताई, राहू द्या." तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठली नाही.

"बघा!" दादासो माइकवर म्हणाले. "याला म्हणतात संस्कार!"

टाळ्या आणखी जोरात झाल्या. फोटोवाला पोरगा ट्रॉलीच्या कडेवर चढला आणि म्हणाला, "ताई, तशाच थांबा, लाइट येतोय." मी टाळ्या वाजवत होते. डोळ्यांना पाणी आलं होतं माझ्या, अभिमानानं. धोंडाबाईला कोपरानं ढोसून मी म्हटलं, "बघ, कशी वाकलीय."

मग दादासोंनी माइक श्रियाच्या तोंडापुढं धरला. "बोल बाळा, आईविषयी दोन शब्द."

श्रिया माइककडं बघत नव्हती, आईकडं बघत होती. "आईला उठता येईना," ती म्हणाली. "तिला उठवा की कुणीतरी."

लोक हसले. लहान पोरगी आहे, लाडानं काही बोलते, असं वाटलं असेल.

"हसू नका. तिची पाठ गेलीय. डॉक्टरनी मला उचलायचं न्हाय म्हणून सांगितलंय. आठवीचा वर्ग खाली घ्या म्हणून तिला सरांना इचारायचंय, दिवाळीपासनं इचारायचंय. पर इचारलं आन् मलाच शाळंतनं काढलं तर? म्हणून ती बोलत न्हाय. तुमी टाळ्या वाजवताय."

स्पीकर कूं करत राहिला. मागं कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली, एकच, आणि थांबला. पाहुणे आपल्या हारातली फुलं बघायला लागले. रमाकांत सरांचे बूट अजून रोहिणीच्या हाताखाली होते, त्यांना पाय काढून घेता येईना आणि ठेवताही येईना. माझे दोन्ही हात टाळी वाजवायला उचललेले होते. ते कुठं ठेवायचे हे मला कळेना. शेवटी मी ते पदराखाली घेतले.

रोहिणीला सतरंजीवर घालून खाली उतरवली. श्रियाला उचलणारी तीच चार पोरं. मी जवळ गेले तेव्हा वाटलं, कळा येतायत म्हणून रडत असेल. तर ती पदर तोंडावर ओढत म्हणाली, "आत्या, पोरीनं चार लोकांत सरांची लाज काढली हो. आता काय म्हणतील?"

त्यानंतर रोहिणी खाटेला लागली. डॉक्टरांनी आडवंच राहायला सांगितलं. आणि पाठीवर नेणारी पाठच नाही म्हटल्यावर श्रियाही घरी. सरपंचांच्या घरून शाल-नारळ एका माणसाबरोबर पोचता झाला. स्वतः कुणी आलं नाही. यायला तोंड नसावं. आम्हालाही कुणाकडं जायला तोंड नव्हतं. सगळा गाव आपापल्या घरात मान खाली घालून बसलेला.

चार दिवसांनी जोतीराम जेवताना म्हणाला, "हे वरीस ऱ्हाऊ दे घरी. पुढं बघू."

श्रियानं ताट सरकवलं. "पप्पा, घरी राहिलेलं परत कोण जातं? आपल्या वस्तीवरची एकतरी गेली का?"

जोतीराम भाकरी चुरायला लागला. खाटेवर रोहिणीनं डोळे मिटून घेतले. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं, पण दुसरीकडं भिंत होती.

दुसऱ्या दिवशी अंधारातच मी जोतीरामच्या टेम्पोत बसून शाळेवर उतरले, शाळा भरेपर्यंत फाटकाशी बसले, मग आत गेले. रमाकांत सर ऑफिसात होते. मला बघून उभे राहिले, मग बसले, मग परत उभे राहिले.

"बसा, आजी. चहा सांगतो." शिपायाला चहा सांगितला आणि टेबलावरची टाचणी उचलून ठेवायला लागले.

"सर, एक मागायला आलेय," मी म्हटलं. आणि मलाच वाईट वाटलं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते आठवलं. "मागायला न्हाय. सांगायला आलेय. आठवीचा वर्ग खाली आणा. नात शाळंत येणार हाय."

"आजी, आधी बोलला असता तर इतकं कशाला झालं असतं?"

"ते आमचं चुकलंच. पर सर, ती तुमच्या ह्या खिडकीसमोरच बसती की. पाचवीपासनं. आन् जूनपासनं तिच्या पाठीवरनं पोरगी माडीवर जाताना तुमीबी बघत हुता."

सरांनी खिडकीतून बघितलं. झाडाखाली रोहिणीनं बसायला ठेवलेला दगड होता, नुसता.

"मला वाटायचं, तिला जमतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मलाबी तसंच वाटायचं." ते खरं होतं. त्यांच्यावर आवाज चढवायला मी निघाले होते घरून, पण एकाच पंगतीला बसलेल्या माणसावर कसा चढवायचा?

खाली एक खोली आहे, पाहुण्यांची. तीत सोफा, शाळेला मिळालेल्या ढाली आणि करंडक. पाहुणे वर्षातून दोनदा चहा घेतात तितं. सरांनी पोरांना बोलावलं. सोफा बाहेर आला, ढाली माडीवर गेल्या, माडीवरचे बाक खाली आले. पोरं आरडाओरडा करत होती, एकानं करंडक डोक्यावर घालून मिरवणूक काढली. फळा भिंतीला टेकवून ठेवला. शिपायानं माझ्यापुढं चहा ठेवला होता. मी बशीत ओतून प्याले, कप खाली ठेवला, आणि वर्ग खाली आलेला होता.

"झालं," सर म्हणाले. त्यांचा आवाज पार बसलेला.

"आन् संडासाची पायरी?"

"त्याला वरून मंजुरी लागते, आजी. विनयामॅडमना धरून मी मागं लागतो."

"लागा. तवर पोरीला न्यायला मी बसती झाडाखाली. मला वाकळ शिवता येत न्हाय, नुसती बसंन. तुमच्या खिडकीकडं तोंड करून."

सर हसले नाहीत. मीही विनोदानं म्हटलं नव्हतं.

घरी आले तेव्हा रोहिणी कुशीवर निजली होती. मी खाटेजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. ती आढ्याकडं बघत ऐकत होती.

"सर रागावलं न्हाईत?"

"न्हाय."

"मास्तरं?"

"न्हाय गं. पोरांनी तर जत्रा केली. उद्यापसनं मी तिला टेम्पोतनं नेती, फाटकापसनं पोरं खुर्चीसकट उचलत्यात."

"किती येळ लागला?"

खोटं सांगावं असं फार वाटलं मला. दोन दिवस लागले, गवंडी आणावा लागला, वरून माणूस आला, असं काहीतरी. तिच्या पाठीला शोभेल असं.

"माजा चहा हुईस्तवर," मी म्हटलं.

बाहेर श्रिया दप्तर भरत होती, तिची बडबड ऐकू येत होती.

"एवढंच हुतं व्हय, आत्या?" रोहिणी म्हणाली.

आणि तिला हसू आलं. ते वर येता येता पाठीत कळ उठली, म्हणून तिनं ते ओठ दाबून आतच धरलं. मी तिची उशी सरळ करत बसले. ती सरळच होती.